पुलाखालची खुर्ची

३ एप्रिल

तीर्थस्वरूप बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोललो की ऑफिसातली सगळी डोकी माझ्याकडे वळतात, म्हणून हे पत्र. बातमी आनंदाची आहे. आमचा पूल झाला! दोन खांबांमधला गाळा जोडून झाला, खालचे टेकू काढले, आणि आता तो नदीवर आपला आपण उभा आहे. भाराची चाचणी बारा मे रोजी ठरली. वाळूनं भरलेले आठ ट्रक एकामागून एक मधल्या गाळ्यावर आणून उभे करायचे आणि पूल किती वाकतो ते मोजायचं. आराखड्यावर सही माझी आहे, त्यामुळे तेवढा वेळ पुलाच्या बरोब्बर खाली, नदीच्या कोरड्या पात्रात, खुर्ची टाकून मी बसायचं. ही तुमचीच कृपा! तुम्ही निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी तुम्ही पाडलेली प्रथा खात्यानं सोडलेली नाही. नवे मोठे साहेब तर तिच्यावर भलतेच खूश आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतात.

एक विचारू का? हल्ली यंत्रं आली आहेत, केसाएवढं वाकणंही कळतं. मग माणूस खाली बसवून मोजमापात काय भर पडते? भीतीनं विचारत नाही, गैरसमज नसावा. आपलं सहज.

हे सगळं नीट पार पडलं तर मुख्य रचनाकाराच्या जागेसाठी माझं नाव पुढे जाईल, असं साहेबांनी स्वतः सांगितलं. ती जागा तीनदा हातातोंडाशी येऊन गेली, तुम्हाला ठाऊकच आहे. आता गेली तर जन्मभर दुसऱ्यांच्या आराखड्यांवर ‘तपासले’ म्हणून टिकमार्क करत बसायचं.

तुमची लेक मुंगी बरी आहे. शाळेतल्या गणिताच्या वह्या तपासते, घराचं बघते. हल्ली बोलते कमी. विचारलं तर म्हणते, “बोलण्यासारखं काही झालं की बोलेन.”

पायाचं हाड जुळलं का? डॉक्टरांचं ऐकत चला.

तुमचा जावई


९ एप्रिल

जावईबापू,

अभिनंदन, त्रिवार अभिनंदन! तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि पोस्टमनलाही वाचून दाखवलं. तो बिचारा उभ्या उभ्या कंटाळला.

माणूस खाली बसवून काय भर पडते म्हणता? ऐका. माझा पहिला पूल. ट्रकवाले ट्रक चढवायलाच तयार होईनात. त्यांचा मुकादम मला म्हणाला, “साहेब, कागदावर रेघा तुम्ही मारल्या, जीव आमचा जायचा.” चौकीतली खुर्ची उचलली, पुलाखाली नेऊन टाकली आणि बसलो. म्हटलं, “चढवा आता.” चढवले! तेव्हापासून ही बैठक. नऊ पूल बांधले, नऊ वेळा बसलो. मोजमापात तुमची यंत्रं बघून घेतील. पण आपल्याला याच्याखाली बसायचंय हे माणसाला सही करताना ठाऊक असतं ना, तिथं फरक पडतो. हात आखडतो. दोन नि दोन चार लिहितानाही माणूस पुन्हा एकदा मोजून बघतो.

आणि घाबरलात ते कबूल करा, माझ्याजवळ कसली लाज? मलाही पहिल्या वेळी दरदरून घाम फुटला होता. युक्त्या सांगतो. फार जेवून जाऊ नका, उपाशीही नको. खुर्चीवर उशी टाका. हातात पेपर असू द्या आणि काही झालं तरी वर बघू नका. वर बघितलं की काठावरच्या लोकांना वाटतं, याचा स्वतःवर भरवसा नाही.

जागेचं म्हणाल तर हाव असावी माणसाला. मी काही साधू नाही. मोठ्या टेबलामागं बसायची हौस मलाही होती, आणि बसल्यावर चार दिवस मी विनाकारण घंटी वाजवून लोकांना बोलावत होतो. पण अब्रू एकदाच मिळते आणि ती त्या खालच्या खुर्चीत मिळते, वरच्या नाही.

मुंगी गप्प आहे कारण बैठक नवऱ्याची आहे. बाईचा जीव, दुसरं काय. तिला सांगा, तुझ्या बापाला नऊ वेळांत साधं खरचटलंही नाही.

पाय अजून पलंगावरच आहे. डॉक्टर चाचणीला येऊ देणार नाही म्हणतो. गाढव आहे.

तुमचा म्हातारा


१५ एप्रिल

तीर्थस्वरूप बाबांस,
सा. नमस्कार.

पत्र वाचून धीर आला असं लिहिणार होतो. लिहवत नाही. चार दिवस झाले, माझं कशात लक्ष नाही. ऑफिसात जातो, आराखडा उघडतो, मिटतो. जेवायला बसलो की उठतो. काल चालता चालता पुलापर्यंत गेलो, खाली उतरलो, जिथं खुर्ची टाकायची तिथं जाऊन उभा राहिलो आणि वर बघितलं. तुम्ही बघू नका म्हणालात, मी बघितलं. एवढं काँक्रीट बाबा! ते तिथं का थांबलंय, हेच मला क्षणभर कळेना.

एक विनंती आहे. सोबत आकडेमोडीची बावीस पानं पाठवतो. तुम्ही एकदा डोळ्यांखालून घालाल का? तुमच्यासारखी नजर आमच्याकडे कुणाचीच नाही. मीच केलेलं मीच किती वेळा तपासणार? आपल्या चुका आपल्याला दिसत नाहीत. एवढं तुम्ही ‘ठीक’ म्हणालात की मी निर्धास्त बसेन, पेपरही वाचेन.

मुंगीला यातलं काही कळवू नका. ती आधीच माझ्यावर कशावरून तरी फणफणलेली असते. परवा मी नुसतं म्हटलं, “पूल छान दिसतो ना?” तर ताटावरून उठून गेली.

तुमचा जावई


२४ एप्रिल

जावईबापू,

पानं मिळाली. पाच दिवस पलंगावर पाट घेऊन मी त्यांच्यात बुडालो होतो. पाय दुखायचा विसरला.

आधी चांगलं सांगतो. असं काम मी चाळीस वर्षांत दोनदा पाहिलं असेल. कुठं भपका नाही. वाऱ्याचा जोर, पुराचा जोर, उन्हानं लोखंड फुगणं, सगळ्याला जागा ठेवलेली. सातव्या पानावर तर मी पेन्सिल खाली ठेवली आणि मोठ्यानं ‘वा’ म्हणालो. हा हात पक्का आहे. या माणसाच्या पुलाखाली मी खुर्ची कशाला, गादी टाकून झोपेन.

आता चौदावं पान. मधल्या तुळईचा भार तुम्ही ४८ लिहिलाय. हवा ८४. पण त्याखालच्या ओळीतलं उत्तर ८४ धरूनच आलंय, आणि पुढची आठही पानं बिनचूक आहेत. मी आधी हसलो. मग माझं हसू गेलं. आकडेमोड करणाऱ्याची चूक पुढं पुढं जाते, सगळी पानं नासवते. जी चूक जिथल्या तिथं बसून राहते, ती उतरवून घेणाऱ्याची असते.

आजवर तुम्हाला अहो-जाहो करत आलो. आता तू. हे काम तुझं नाही.

कुणाचं आहे? हाताखालच्या कुणाचं? त्याला काय सांगून गप्प बसवलंस? आणि मला कशासाठी पाठवलंस, ज्याला मनातल्या मनात हसतोयस त्या म्हाताऱ्याकडून खात्री करून घ्यायला? दुसऱ्याचं डोकं, तुझी सही आणि वर माझा शिक्का! अरे, मागितली असतीस तर मदत केली असती मी. नाव चोरायची काय गरज पडली होती?

ऐक. ज्याचा पूल त्यानं खाली बसायचं. तू त्या खुर्चीत बसलास तर मी नऊ वेळा बसलो त्याला काळं फासशील. बारा मेच्या आत साहेबांपुढं उभा राहून खरं सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन. मुंगीचा नवरा आहेस म्हणून गय करणार नाही. उलट त्या पोरीची कीव येते मला, कुणाच्या गळ्यात बांधली मी तिला.

आणि ज्यानं हे केलं त्याचं नाव कळव. मला त्याला पत्र लिहायचंय.


३० एप्रिल

तीर्थस्वरूप बाबांस,

नाव कळवतो. मुंगी.

आता बसून वाचा. तुम्ही शिव्या दिल्यात, सगळ्या पोचल्या, एकही वाया गेली नाही. पण हाताखालच्या कुणाला लुबाडलं नाही मी. गेल्या वर्षी आराखडे मागवले तेव्हा महिनाभर मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून डोकं धरून बसायचो. एकदा ती वह्या तपासता तपासता म्हणाली, “खांब दोनच घ्या, मधला काढून टाका.” मी म्हटलं, वेडी आहेस का, पडेल. तिनं कागद ओढून घेतला. तीन महिन्यांत तिनं बावीस पानं केली. कॉलेजात ती माझ्यापेक्षा पुढंच होती, ते तुम्हालाही ठाऊक आहे. सही करताना मी विचारलं, तुझं नाव घालू या का? ती म्हणाली, “तुमचंच घाला.” मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. माझा गुन्हा एवढाच, आणि तो केवढा आहे हे मला वर्षभर रोज कळतंय. तुम्ही अक्षर ओळखाल म्हणून सगळं माझ्या अक्षरात उतरवलं आणि ४८ करून बसलो.

काल साहेबांना सांगितलं. तुमच्या धमकीमुळे सांगितलं की आपणहून, ते माझं मलाच नक्की सांगता येत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून काही लिहीत नाही. साहेबांनी आराखडा मागवून घेतला. मग म्हणाले, ती जागा आता विसरा. आराखड्यावरचं माझं नाव खोडून ‘मूळ रचना’ म्हणून तिची सही घेतली. तिनं सही केली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “मग बारा तारखेला मी बसायचं ना?” साहेब म्हणाले, बाईमाणसाला सक्ती नाही. ती म्हणाली, “सक्ती नकोच आहे.”

आणि बाबा, लाज वाटते लिहायला. काल घरी येऊन मी उशीला डोकं लावलं आणि ढाराढूर झोपलो. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. आपल्याला बसायचं नाही, म्हणून! जागा झालो तेव्हा ती खिडकीपाशी उभी राहून हवेत पुलाची रेघ काढावी तसा हात फिरवत होती. माझ्या बायकोला मी तिथं पाठवलं आणि मी झोपलो.

तुमचा म्हणवून घ्यायची हिंमत नाही.


४ मे

जावईबापू,

तिला बसू देऊ नका.

मी रागात काय काय लिहिलं, विसरा. तुम्ही मुलासारखे आहात मला. काहीही कारण काढा. साहेबांना सांगा तिला चक्कर येते. सांगा, खात्यात नोकरीला नसलेल्या माणसाला बसवता येत नाही, नियमात नाही. आहे का नाही कोण बघतंय? नाहीतर सही परत तुमची करून टाका. खांब तिनं सुचवले, बाकी तुमचं, असं सांगितलंत तर काही खोटं नाही. नवरा-बायकोचं काम एकच असतं. तुम्ही बसा. तुम्हाला सवय आहे साइटवर उभं राहायची, ट्रकचा आवाज, धूळ, सगळ्याची.

नववं पान मी पुन्हा बघतोय. तिथं खांबाच्या पायाची खोली तिनं जरा कमी धरली आहे का? मला आकडे सरळ दिसेनासे झालेत. खडक कुठं लागला होता, ते लगेच कळवा.

हे पत्र तिला दाखवू नका.


८ मे

उत्तर नाही तुमचं. फोन केला, कुणीतरी काहीतरी बोललं, मला कळलं नाही.

मी येतो. डॉक्टरला हाकलून दिलं आज. गाडी मिळाली तर अकराला रात्रीपर्यंत पोचेन, आणि मीच बसतो. दहावी वेळ. माझं आता काय राहिलंय? साहेबांना म्हणावं, प्रथा माझी आहे, ती मोडायचा हक्क माझा. तिला घरात कोंडा पण तिथं नेऊ नका.

(पलंगावरून उतरताना पडलो. पाय पुन्हा गेला. येता येणार नाही. तुम्ही बसा. हात जोडतो.)


१३ मे

बाबा,

मी मुंगी. जिवंत आहे, हे आधी वाचा आणि पाणी प्या.

काल झालं सगळं. पूल साडेदहा मिलिमीटर वाकला, मी अकरा म्हटलं होतं. ट्रक उतरल्यावर पुन्हा जागेवर आला. तुम्ही शिकवलेलं नाही तरी तुमच्या कपाटातल्या पुस्तकांतून शिकलेलं आहे, तेव्हा थोडं श्रेय घ्या.

सकाळी मी पोचले तर खुर्चीत हे! पाय रोवून बसलेले. काठावर दोनशे माणसं, साहेब, ट्रकवाले, सगळे बघतायत. मी म्हटलं, “उठा, माझी जागा आहे.” तर म्हणतात, “तुझ्या पुलावर माझा पूर्ण भरवसा आहे, म्हणूनच बसलोय.” मी म्हटलं, “मग उठायलाही हरकत नसावी.” लोक हसले. हे उठले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. वर जाऊन कठड्याला धरून उभे राहिले. चौथा ट्रक आला तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं तर डोळे मिटून घेतले होते. वेडे आहेत, पण माझे आहेत.

मी पेपरबिपर नेला नाही आणि सगळा वेळ वरच बघत होते. काठावरच्यांना काय वाटायचं ते वाटो. माझा पूल मी नाही बघायचा तर कुणी बघायचा?

तुमची सगळी पत्रं यांनी मला दिली. शेवटची दोन लपवणार होते, पण म्हणाले, लपवायचा वीट आला आता. वाचली. आधी रडले. मग जो संताप आला, तो अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला घेतलं.

आधी माझं सांगते, म्हणजे मी स्वतःला फार मोठी समजते असं वाटायला नको. नाव यांचं घातलं, तो त्यागबिग काही नव्हता. सगळे आता तसंच म्हणतायत, आणि साहेबांच्या बायकोनं तर माझा हात हातात घेऊन डोळे पुसले. खोटं आहे ते. मी घाबरले होते. पडला असता तर यांच्या नावानं पडला असता. मला माझा पूल उभा राहिलेला बघायचा होता आणि त्याच्याखाली दुसऱ्याला बसवायचं होतं. यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही म्हणून मी वर्षभर यांच्यावर धुमसत राहिले, पण त्यांनी विचारलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं. हे तुम्हाला आणि यांना सोडून कुणाला सांगणार नाही.

आता तुमचं. वीस वर्षांची होते तेव्हा तुम्ही म्हणालात, घरात पूल बांधणारा एक पुरे, तू शाळेत शिकव. ऐकलं मी. वाटलं, बाबा म्हणतायत म्हणजे माझ्यात काहीतरी कमी असेल. आता बावीस पानं तुम्ही पाच दिवस तपासलीत. नाव माहीत नव्हतं तोवर गादी टाकून झोपणार होतात. नाव कळल्याबरोबर यांना म्हणालात, तुम्ही बसा. म्हणजे पूल पडेल असं वाटलं तुम्हाला. बाबा, माझ्या पुलावर भरवसा असता, तर त्याच्याखाली मी बसले काय नि हे बसले काय, तुम्हाला काय फरक पडला असता? आणि भरवसा नव्हता तर दुसऱ्या कुणा आईच्या मुलाला तिथं बसवायला निघालात?

याचं उत्तर मला हवंय. गोड बोलून टाळू नका.

मुंगी


१८ मे

मुंगी,

टाळत नाही.

आकड्यांवर भरवसा होता. आजही आहे. नववं पान ठीक आहे, खोली ठीक आहे, मीच भांबावलो होतो. तू तिथं बसणार म्हटल्यावर मला बेरीजसुद्धा येईना. जावयाला बसवायला निघालो, हे खरं आहे. त्याच्या जागी कुणीही चाललं असतं मला. साहेब, ट्रकवाला, कुणीही. जन्मभर ज्या गोष्टीवर लोकांना भाषणं दिली ती चार ओळींच्या पत्रात विकून मोकळा झालो. जावयाला सांग, माझ्या आधीच्या पत्रातल्या शिव्या मी परत घेतल्या. त्याला शिव्या द्यायचा अधिकार माझ्याकडं उरलेला नाही. तो निदान साहेबांपुढं जाऊन उभा तरी राहिला.

वीस वर्षांची होतीस तेव्हा तुझ्यात काही कमी नव्हतं. मी त्या खुर्चीत बसून आलो होतो, खाली काय असतं ते मला माहीत होतं. एवढंच कारण होतं. ते सांगितलं असतं तर मी भित्रा ठरलो असतो, म्हणून तुला कमी ठरवलं. माफ कर म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो.

बारा तारखेचं सांगतो. पाय वर टांगलेला होता, पलंगावरून हलता येत नव्हतं. चाचणी दहाला सुरू होणार, ठाऊक होतं. दहा ते एक मी घड्याळाकडं बघत होतो. शेजारीण चहा घेऊन आली, तिच्यावर ओरडलो. देवाला काहीबाही बोललो, ते सांगण्यासारखं नाही. तीन तासांत मी तुला शंभर वेळा पुरलं, बाळा. जावयाचा फोन आला तेव्हा मला नेहमीसारखं ऐकूच येईना. शेजारणीनं फोन घेतला आणि कागदावर लिहून दाखवलं, ‘सुखरूप’. तो कागद मी उशीखाली ठेवलाय.

मग पडल्या पडल्या तुझ्या आईची आठवण आली. बैठक आटोपून मी घरी यायचो, छाती फुगलेली, शर्टावर धूळ. ती दार उघडायची, पाणी द्यायची आणि एक शब्द न बोलता आत निघून जायची. नऊच्या नऊ वेळा. मला राग यायचा. वाटायचं, सगळं खातं माझं कौतुक करतंय आणि हिला काही किंमतच नाही. एकदा तर बोललोही तिला, तुला काय कळतंय म्हणून. ती तेव्हाही काही बोलली नाही.

तीन तास कसे जातात, हे मला आता कळलं. विचारायला ती नाही.

बाबा